दगड माझे, जमीन त्याची

सेवेरा तापट आहे हे आमच्या युकुसावी गावात शेंबडं पोरही सांगेल. ती रस्त्याने येताना दिसली की दुकानापुढे बसलेले बाप्ये पाय आवरून घेतात, आणि ती वळणाआड गेली की हसतात. पण ती अशी का झाली ते विचारा, सगळ्यांना एकदम घरची कामं आठवतात. आठवणारच! त्या गोष्टीत अर्ध्या गावाची नावं निघतात. तर कुणाची भीडभाड न ठेवता ती ऐका.

आमचा डोंगर कधीचाच बोडका झालाय. शेळ्यांनी खाल्ला, कोळशासाठी तोडला, आता वर नुसता पांढरा मुरूम उरलाय. त्यात घायपातसुद्धा रडतखडत उगवतं. पाऊस आला की उरलीसुरली तांबडी माती चिखल होऊन घळीतून पळत सुटते. आमच्या पणज्या-खापरपणज्यांनी त्या पळणाऱ्या मातीला घळीतच अडवलं. दगडांचे ताल, म्हणजे आडवे बांध, रचले. चुना नाही, सिमेंट नाही, नुसते दगड आणि फटींत कपच्या. पाणी फटींतून निघून जातं, माती मागे बसते, आणि तिच्याबरोबर पाला, लेंड्या, कुजका कडबा, सगळं बसतं. पुढच्या वर्षी तालावर आणखी एक थर चढवायचा, की गाळही तेवढा वर येतो. असं करत करत घळीत एकाखाली एक शेतं झाली. मका वाढतो, मक्यावर घेवड्याचा वेल चढतो, खाली भोपळा पसरतो आणि मातीला ऊन लागू देत नाही. डोंगरावर दुसरीकडे कुठेही पोटापुरतं पिकत नाही. सगळं गाव त्या घळीवर जगतं.

मात्र वरचा ताल धड असेल तरच खालचे धड. वरचा फुटला तर सगळा लोंढा एका भोकातून खालच्या तालावर येऊन आदळतो, आणि मग एकामागून एक सगळे जातात. हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. ठाऊक असून काय उपयोग झाला ते पुढे येईलच.

सेवेराचा बाप क्रिसांतो हा ताल घालण्यात पटाईत गडी. त्याने घातलेल्या तालाला बैलाने अंग घासलं तरी कपची हलायची नाही. सेवेरा त्याच्या मागे कपच्या वेचत मोठी झाली. पुढे दगड उचलायला लागली, मग रचायला लागली. तिचा धाकटा भाऊ फिलोगोनिओ, म्हणजे फिलो. त्याचे हात दगडाने सोलायचे, म्हणून आई एपिफानिया त्याला घरी बसवून अंडं खायला घालायची. सेवेराच्या हातांना काय लोणी लावलं होतं? ते कुणी विचारलं नाही. बाप गेला तेव्हा सगळ्यात वरचं शेत फिलोला मिळालं, कारण तो मुलगा, आणि वरच्या शेतात गाळ पहिला बसतो. त्याखालची दोन सेवेराला. तिच्याखाली त्रांकिलिनोचं, आणि मग बाकीच्या गावाची.

सेवेराचा नवरा तापाने लवकर गेला. एक लेक होती, खासिंता. दोघी मायलेकी कोरड्या दिवसांतच, पाऊस यायच्या कितीतरी आधी, पहारीने खोल खड्डे करून खालच्या ओलीत मका टोकायच्या. ज्या शेतात गाळ खोल त्याच शेतात ही ओल टिकते, आणि गाळ खोल राहतो तो तालामुळे. सेवेरा उगाच दगडांसाठी भांडत नव्हती, तिचा पुढचा घास त्यात होता.

फिलो बायकोपोरांसकट उत्तरेला टोमॅटोच्या मळ्यांत गेला. जाण्यात वाईट काही नाही, निम्मं गाव जातं. पण जाणारा माणूस आपला ताल राखायला कुणाला तरी सांगून जातो. फिलो कुणालाच सांगून गेला नाही. आणि न सांगता दुसऱ्याच्या तालाला हात लावायची आमच्यात सोय नाही. दुसऱ्याच्या तालावर दगड ठेवणं म्हणजे त्याच्या जमिनीवर हक्क सांगणं. गावच्या मुख्यासमोर, चार माणसांत, दगड ठेवायचा आणि 'इथे माझा हात लागला' असं म्हणायचं. ज्याची जमीन असेल त्याला ते मान्य नसेल तर त्याने तिथल्या तिथे तो दगड आपल्या हाताने काढावा, त्या जागी आपला ठेवावा, आणि तिथून पुढे ताल राखावा. त्याने नाही ठेवला तर त्याचं तोंड कायमचं बंद. रीत आहे ही, आणि रीत म्हणून चांगलीच आहे. जमीन राखेल त्याला ती मिळते. पण चांगल्या रीतीलाही भित्री माणसं मिळाली की तिचं काय होतं ते बघा.

फिलोच्या तालात घुशींनी बिळं केली. एक पावसाळा गेला, दुसरा गेला. तिसऱ्यात भर दुपारी, मका कणसावर असताना, ताल मधोमध फुटला. सेवेरा आणि खासिंता कडेला उभ्या राहून बघत होत्या. दुसरं काय करणार? लोंढा सेवेराच्या शेतात घुसला आणि अर्धं शेत कणसांसकट उचलून घेऊन गेला. तिचा ताल बापाच्या हातचा, तो टिकला, म्हणून खालचे सगळे वाचले. पाणी ओसरल्यावर शेताच्या मधोमध पांढरा मुरूम दिसायला लागला. सेवेरा त्या मुरमावर बसून मुठी आपटत होती आणि भावाच्या नावाने ओरडत होती.

गावात फोन एकच, दुकानात. उत्तरेहून कुणाचा फोन आला की दुकानदार भोंग्यावरून नाव पुकारायचा. फिलोचा फोन आईला दर रविवारी यायचा. त्या रविवारी 'एपिफानिया आई, लेकाचा फोन' असा पुकारा झाला आणि म्हातारी दुकानात पोहोचायच्या आत सेवेरा पोहोचली.

"फिल्या, तुझा ताल फुटलाय. माझं अर्धं शेत गेलं."

"हो का? बघू. क्रूसाच्या सणाला येतोच आहे."

"तोवर मी भोक बुजवते."

"अक्का, हात लावायचा नाही हं! मी लांब आहे म्हणून माझी जमीन ढापायला बघू नकोस."

"ढापायला? मुडद्या, तुझ्या भोकातून माझी माती गेली आणि मी ढापते?"

"हळू बोल गं. भोंगा चालू असेल."

भोंगा चालूच होता. सगळ्या गावाने ऐकलं. आणि ऐकून काय केलं? हसले.

क्रूसाचा सण आला. फिलो आला नाही, त्याने पाठवलेल्या पैशातून बँड आला. चांगला मोठा, पितळी वाद्यांचा. बँडमास्तर प्रत्येक गाण्याआधी ओरडायचा, "आपल्या गावाचे सुपुत्र, फिलोगोनिओ यांच्याकडून!" सेवेरा मिरवणुकीत मेणबत्ती धरून चालत होती, आणि दर वेळी नाव पुकारलं की ती मेणबत्ती बँडमास्तरच्या टोपीला लावावी असं तिला वाटत होतं.

सण झाल्यावर ती गावसभेत उभी राहिली. त्या वर्षांत गावच्या मुख्याची काठी अबुंदिओकाकांच्या हातात होती. माणूस वाईट नाही. पण कुणालाही नाही म्हणायची वेळ आली की ह्यांना खोकला येतो.

"काका, फिलो किती वर्षं गावकीच्या कामाला आला नाही. रस्त्याला नाही, विहिरीला नाही. दुसरा कुणी असता तर त्याची जमीन तुम्ही कधीच काढून घेतली असती. घ्या काढून आणि द्या कुणालाही. मला नको. पण पावसाआधी तो ताल बांधून घ्या."

"हे बघ सेवेरा," अबुंदिओकाका खोकले, "फिलो मनाचा मोठा आहे. गावाला विसरला नाही. बँड पाठवला."

"बँडने भोक बुजतं का?"

पुन्हा हशा. तेवढ्यात एपिफानिया आई उठली. ऐंशीची म्हातारी, पण आवाज खणखणीत. "माझा पोरगा जिवंत आहे. ही बाई त्याचं मढं करायला निघालीय. कोण हात लावतं त्याच्या जमिनीला, बघतेच मी!"

आईने पोटच्या पोरीला सभेत 'ही बाई' म्हटलं.  सेवेराने त्रांकिलिनोकडे पाहिलं. त्याचं शेत तिच्या अगदी खाली, पुढचा लोंढा त्याच्याच डोक्यावर येणार. खासिंताच्या बाप्तिस्म्याला पोरीला हातांत धरून उभा राहिलेला माणूस तो, सेवेराला 'कोमाद्रे', म्हणजे धर्मलेकीची आई, म्हणणारा. त्रांकिलिनो आपल्या टोपीची कड बघत बसला होता. जणू टोपी आजच विकत घेतली होती.

शेवटी काकांनी तोडगा काढला. वेळ मारून नेणाऱ्या माणसाचा तोडगा. "सेवेराने ताल बांधावा. पण बांधण्याआधी गावचा क्रूस हातात घेऊन शपथ घ्यावी, की तिच्या दगडांमागे हक्क नाही. 'दगड माझे, जमीन त्याची' असं म्हणावं. म्हणजे कुणाचीच तक्रार नको."

कुणाचीच तक्रार नको! दगड सेवेराने आणायचे, रचायचे तिने, आणि जमीन पिकणार त्याची. सभेतल्या एकाही माणसाला ह्यात काही वावगं वाटलं नाही. सेवेराला वाटलं. पण ढग काही सभेचं ऐकत थांबत नाहीत. तिने फुटलेल्या तालावर गुडघे टेकले, क्रूस धरला आणि दात-ओठ खाऊन म्हणाली, "दगड माझे, जमीन त्याची."

मायलेकींनी भोक बुजवलं. स्वतःच्या माळावरचे दगड पाठीवरून आणले. लांब दगडाचं तोंड बाहेर आणि सगळं अंग आत, दोन दगडांमधल्या सांध्यावर तिसरा, फटींत कपच्या ठोकून, एका बाजूला पाणी सांडायला जागा ठेवून. पाऊस आला, तालाने तग धरला, आणि गाळ बसला. कुठे बसला? फिलोच्या शेतात. दुसऱ्या वर्षी थर चढवायच्या आधी पुन्हा क्रूस, पुन्हा गुडघे. तिसऱ्या वर्षीही तेच. वरचा गाळ असा चढत गेला, काळसर, भुसभुशीत, हात घातला तर कोपरापर्यंत जाईल असा. सेवेराच्या स्वतःच्या फाटलेल्या शेताला मात्र मूठभरसुद्धा गाळ मिळेना, सगळा वरच अडायचा. तिने ते शेत शेळ्यांच्या लेंड्या आणि ओकाच्या झाडांखालचा पाला टोपल्यांनी वाहून भरायला घेतलं. वरच्या शेतात एक दाणाही टाकला नाही. शपथ होती ना! तिथे रान माजलं, आणि गावच्या शेळ्या येऊन चरून जायच्या.

एपिफानिया आई कधी काठी टेकत वर यायची. पाठीवर दगड घेतलेल्या मुलीसमोर उभी राहून म्हणायची, "माझ्या पोराची जमीन बघा कशी फुगलीय!"

"फुगेल नाही तर काय," सेवेरा म्हणायची, "माझ्या पाठीचा कणा त्यात पुरलाय."

म्हातारी तालाच्या तळाकडे बघत उभी राहायची, आणि मग उतरून जायची.

चौथ्या वर्षी फेब्रुवारीत फिलो आला. बोटं दुखतील इतके टोकदार बूट, मोठी टोपी, आणि सोबत खोऱ्यातला एक वीटभट्टीवाला. सेवेरा मका टोकत होती. पहार हातात घेऊनच ती वर गेली.

"काय गाळ साचलाय, अक्का!" फिलो खूश होता. "मी इथे नव्हतो तरी देवाने माझी जमीन बघ कशी सांभाळली."

"देवाने? देवाच्या हातांना फोड कधी आले रे?"

"तू दोन दगड ठेवलेस, ठाऊक आहे. आभार." तो म्हणाला, आणि त्याने खरंच खिशात हात घातला.

"काढ तो हात बाहेर, नाहीतर पहार मारीन." सेवेराने सांगितलं. "पेरायला आलायस का? पेरायचं असेल तर आजच टोक. ओल आहे."

फिलोने वीटभट्टीवाल्याकडे पाहिलं. वीटभट्टीवाला खाली बसला होता. त्याने मूठभर माती घेतली, तिच्यावर थुंकला, बोटांत मळली आणि गोळी करून बघितली. "चिकण आहे," तो म्हणाला, "खडा नाही. झकास वीट होईल. सोमवारी ट्रक लावतो."

सेवेराला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "वीट? ह्या मातीची वीट?"

"घर बांधतोय ना मी, दोन मजली," फिलो म्हणाला. "थोड्या विटा मला, बाकीची माती ह्यांना."

"गावाबाहेरच्याला जमीन विकता येत नाही!"

"जमीन कुठे विकतोय? माती विकतोय. जमीन इथेच राहील."

"माती गेल्यावर काय राहणार आहे इथे, मुरूम! आणि मागे गाळ नसला की ताल काय टिकणार? पहिल्या पावसात सगळी घळ जाईल. माझी दोन शेतं, त्रांकिलिनोचं, सगळ्यांची!"

"अक्का, तू लहानपणापासून अशीच. सगळं जग बुडणार, असंच तुझं." तो हसत म्हणाला. "शपथ कुणी घेतली होती? जमीन त्याची, असं कोण म्हणालं होतं? मी?"

हे मात्र खरं होतं. त्याचाच तिला जास्त संताप आला. बाकी कुणाच्या नाही, तिच्याच शब्दांनी तिचा गळा आवळला होता.

ती थेट अबुंदिओकाकांच्या दारात गेली. काका ओसरीवर बसून मक्याची पेज पीत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि खोकले. फिलोने देवळाच्या कुंपणाला फुकट विटा कबूल केल्या होत्या, ते त्यांच्या तोंडून हळूच बाहेर आलं.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं!"

"सेवेरा, ओरडू नकोस पोरी. तू क्रूसावर शपथ घेतलीस. आता मी काय करू? दगड तुझे, जमीन त्याची. पाहिजेत तर तुझे दगड उचलून घेऊन जा. त्याला कुणी नाही म्हणणार नाही."

सेवेरा काहीतरी बोलायला गेली आणि थांबली. "परत एकदा म्हणा, काका."

"काय?"

"माझे दगड मी उचलून नेऊ?"

"ने की बाई. तुझेच आहेत." काकांनी पेजेचा वाडगा तोंडाला लावला. सुटलो, असं त्यांना वाटलं.

शनिवारी सकाळी मायलेकी वर चढल्या आणि ताल उतरवायला लागल्या. वरच्या थरापासून, एकेक दगड, ज्या क्रमाने रचला त्याच्या उलट. कपच्यांचा ढीग वेगळा केला. फिलो घायपाताच्या सावलीत बसून बघत होता. "छान," तो ओरडला, "ट्रकला वाट होईल!" त्रांकिलिनो धापा टाकत वर आला. "कोमाद्रे, वेड लागलं का? पाऊस आला तर तूच पहिली बुडशील!"

"तुझी टोपी कशी आहे?" सेवेराने विचारलं. "बघितलीस का आज नीट?"

तो आला तसा खाली उतरला.

खासिंताही दुपारपर्यंत रडकुंडीला आली. तीन वर्षं जे पाठीवरून वाहिलं ते आपणच उपसायचं म्हणजे काय? सेवेराने तिला एवढंच सांगितलं की दगड लांब फेकू नकोस, हाताशी ठेव. स्वतः तिला प्रत्येक दगड ओळखू येत होता. हा आणताना गुडघा फुटला होता. ह्याने नख गेलं होतं. हात काम करत होते आणि ती मोठमोठ्याने शिव्या देत होती, भावाला, गावाला, बापालासुद्धा. संध्याकाळी खाली फक्त क्रिसांतोचा जुना ताल उरला, मधोमध भगदाड असलेला, आणि त्यामागे गाळाची उघडी काळी भिंत.

रविवारी प्रार्थना सुटली तशी सेवेरा देवळाच्या दारात उभी राहिली. "काका, काठी घेऊन वर चला. मला तालावर काम आहे. ज्याला तमाशा बघायचाय त्याने या." तमाशा म्हटल्यावर कोण मागे राहतंय? सगळं गाव घळीत आलं. फिलो होता, वीटभट्टीवाला होता, एपिफानिया आईला दोघांनी धरून आणलं.

सेवेराने हात कमरेवर ठेवले. "सगळ्यांनी बघा. शपथ घेऊन ठेवलेले माझे दगड मी उचलले. काकांनीच सांगितलं. उरला का इथे माझा एक तरी दगड?"

अबुंदिओकाकांनी वाकून पाहिलं. "नाही. उरला नाही."

"मग शपथही उरली नाही. ज्या दगडांवर घेतली ते गेले."

तिने ढिगातला एक लांबलचक दगड उचलला. छातीशी धरून ती भगदाडात उतरली, दगड तळाशी बसवला, तोंड बाहेर, सगळं अंग आत, आणि दोन्ही बाजूंनी कपच्या ठोकल्या. मग उभी राहिली आणि म्हणाली, "इथे माझा हात लागला."

 काय चाललंय ते आता सगळ्यांना कळलं. काकांना खोकला आला. पण गाव समोर होतं, आणि खोकून भागणारं नव्हतं.

"फिलो," काका म्हणाले, "तिने हक्क सांगितलाय. मान्य नसेल तर तिचा दगड काढ आणि तुझा ठेव."

"ठेवला की ताल राखायला लागेल," मागून कुणीतरी म्हणालं.

"आणि माती उपसता येणार नाही," दुसरं म्हणालं.

"मग ट्रक आणायचा की नाही?" वीटभट्टीवाल्याने विचारलं. 

फिलो लाल झाला. "हे काय म्हाताऱ्यांचे खेळ लावलेत? चोरी आहे ही, चोरी!"

"हो," सेवेरा म्हणाली. "घेतेय मी. सगळ्यांसमोर घेतेय. काढ तो दगड."

तो पुढे आला. वाकला नाही. त्या टोकदार बुटाने त्याने दगडाला लाथ घातली. दगड जागचा हलला नाही. फिलो एका पायावर नाचला आणि पाय धरून खाली बसला.

लोक हसले. हेच लोक, तेच हसणं. आणि तेव्हा सेवेरा खरी भडकली.

"हसू नका!" ती किंचाळली. "कशाला हसता? भोंग्यावर हसलात, सभेत हसलात. तीन वर्षं मी गुडघे टेकून शपथा घेत होते तेव्हा तुम्ही कुठे होतात? तुमचीच शेतं आहेत ना खाली? तुमच्यातल्या एकाने एक कपची आणून दिली का? काका, तुम्ही चार विटांसाठी सगळी घळ विकायला निघालात! त्रांकिलिनो, तू माझ्या पोरीला देवासमोर हातांत धरलंस आणि सभेत तोंड उघडलं नाहीस! हा फिल्या तरी बरा, निदान उघड चोर आहे!"

कुणी हसलं नाही. त्रांकिलिनोने टोपी काढून खाली ठेवली, वाटेवरून खाली उतरला आणि एक दगड उचलून तिच्याकडे आणायला लागला. "आता नको!" सेवेरा म्हणाली. मग दगड बघितला, चांगला होता. "ठेव तिथे. उलटा नको, गाढवा, तोंड बाहेर."

अबुंदिओकाकांनी काठी तालावर टेकवली. फिलोला तीनदा विचारलं, दगड काढतोस का. तो उठून लंगडत वाटेला लागला. मग काका म्हणाले, "जमीन सेवेराची."

एपिफानिया आईने काठी आपटली. "माझ्या पोराचं खाल्लंस," ती म्हणाली. "आजपासून मला एकच लेकरू."

"बरं," सेवेरा म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते तिने पुसलं नाही. "पण जेवायला माझ्याकडेच यायचं. तुझ्या त्या एका लेकराने इथे चूल मांडलेली नाही."

फिलो दुपारच्या बसने गेला. आईलाही भेटला नाही.

दिवस मावळायच्या आत म्हातारी आली. चुलीकडे पाठ करून बसली आणि सेवेराने वाढलेला घेवडा खायला लागली.  खासिंता आजीकडे बघे, मग आईकडे. ताट अर्धं झाल्यावर म्हातारी भिंतीकडे बघतच म्हणाली, "तळाला एक लांब दगड पुरणार नाही. दोन घाल, शेजारी शेजारी. तुझ्या बापाने तिथे आखूड घातले होते. मी तेव्हाच सांगितलं होतं त्याला."

सेवेराचा हात तव्यावरच थांबला. "तुला ठाऊक होतं? तू वर येऊन बघत उभी राहायचीस, आणि तळ कच्चा आहे ते तुला ठाऊक होतं? मग मला का नाही बोललीस? तीन वर्षं का नाही बोललीस गं?"

 म्हातारीने मक्याची आणखी एक तोर्तिया मागितली, आणि सेवेराने ती तव्यावरून काढून तिच्या ताटात आपटली.